सुमनकाकूंचं गाळलेलं उत्तर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. पुण्याच्या बहिणीला नाही, आणि रोज सकाळी चालताना जिच्याशी फोनवर अख्खं घरदार बोलून होतं त्या मैत्रिणीलाही नाही. देवापुढे हात जोडले की मी घाईघाईनं मुलीची तब्येत, नवऱ्याची नोकरी असलं काहीतरी मागून मोकळी होते. हा विषय तिथंही काढत नाही. सहा वर्षं झाली. आज तुम्हाला सांगायला बसलेय, आणि आत्ताच मला कळतंय की मी आडवळणानं जाणार आहे. खरं तर सरळ सांगणं हाच माझा पेशा. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं सांगायचं, एवढंच एक काम मला नीट येतं असं मी लोकांना सांगत आलेय.

मी कोर्टात दुभाषी आहे. इंटरप्रिटर. इथं जॉर्जियात, अल्फारेटा आणि आसपास आपली माणसं एवढी झालीत की कोर्टाला अधूनमधून मराठी लागतं. फार नाही, वर्षातून पाच-सात वेळा. एरवी मी हिंदीची कामं करते. मराठीतली बहुतेक प्रकरणं गाडी जोरात चालवल्याची, घटस्फोटाची, किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांच्या आजारपणाच्या विम्याची. तिथं माझं कुणी फारसं ऐकतही नाही.

या कामाचे नियम कुणालाही दहा मिनिटांत पाठ होतील. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की आपणही त्याच्याऐवजी ‘मी’ म्हणायचं. त्यानं शिवी दिली तर आपण शिवी द्यायची. तो अडखळला तर आपणही अडखळायचं. काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही, आणि सुधारायचं तर मुळीच नाही. साक्षीदाराशी गप्पा मारायच्या नाहीत. ओळख निघाली तर उठून जज्जना सांगायचं. काम सुरू होण्याआधी उजवा हात वर करून याची शपथ घ्यायची. मी ती किती वेळा घेतलीय, मोजायला गेले तर जमणार नाही.

आणि एक गोष्ट—ती बाहेरच्यांना माहीत नसते. कोर्टात बोललेलं सगळं टाइप करणारी एक बाई समोर बसलेली असते. ती फक्त इंग्रजी टाइप करते. साक्षीदार मराठीत काय बोलला ते कुठंच राहत नाही. कागदावर उतरतं ते माझं वाक्य, आणि वर नाव असतं साक्षीदाराचं.

आता प्रकरण सांगते.

आमच्यापासून वीस मिनिटांवर एक बऱ्यापैकी जुनं सबडिव्हिजन, म्हणजे घरांची वसाहत, आहे. तिथं मिसेस लॅम्बर्ट नावाची एक म्हातारी अमेरिकन बाई एकटी राहायची. एका सकाळी ती स्वतःच्या गॅरेजमध्ये मेलेली सापडली. डोक्यात काहीतरी जड घातलेलं होतं. समोरच्या घरात निखिल राहायचा—आपला मुलगा, विट्याचा, शिक्षण पुण्यात, इथं आयटीत. त्याला नुकताच मुलगा झाला होता म्हणून त्याची आई सहा महिन्यांसाठी आली होती. त्या सुमनकाकू. सकाळी साडेसातला नेसत्या साडीवर स्वेटर चढवायच्या, पायात सुनेचे बूट, आणि त्या रस्त्याला चार फेऱ्या मारायच्या. त्या दिवशी त्यांनी मिसेस लॅम्बर्टच्या घराच्या बाजूच्या फाटकातून एका माणसाला बाहेर पडताना पाहिलं. तो पांढऱ्या पिकअपमध्ये बसून गेला.

चार दिवसांनी पोलिसांनी डॅरेल नावाच्या माणसाला पकडलं. तो त्या भागात घरांच्या छपराच्या पन्हळी—इथं त्यांना गटर म्हणतात—साफ करायचा, कुंपणं दुरुस्त करायचा, बारीकसारीक कामं करायचा. त्याची गाडी पांढरी पिकअप होती. जॉर्जियात पांढऱ्या पिकअप किती असतील, याचा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही. त्याचं म्हणणं एकच होतं: मी तिच्याकडे आदल्या शनिवारी गेलो होतो, त्या सकाळी नव्हे. हातमोजे नाहीत, रक्त नाही, हत्यार नाही. त्याच्याविरुद्ध बोलणारं एकच माणूस होतं—सुमनकाकू. डिटेक्टिव्हनं सहा फोटो समोर ठेवले तेव्हा त्यांनी डॅरेलच्या फोटोवर बोट ठेवलं होतं.

खुनाच्या प्रकरणात खरा खटला उभा राहण्याआधी इथं एक प्राथमिक सुनावणी होते. ज्युरी नसते. या माणसावर खटला चालवण्याइतकं काही आहे का, तेवढंच जज्ज बघतात. बहुतेक वेळा डिटेक्टिव्ह एकटा उभा राहून कागद वाचून दाखवतो आणि तासाभरात सगळे घरी. पण काकूंचा मुक्काम संपत आला होता, परतीचं तिकीट काढलेलं होतं. म्हणून सरकारी वकिलांनी त्यांनाच साक्षीला उभं केलं. पुढे खटल्याला त्या येऊ शकल्या नाहीत तर आज दिलेली साक्षच तिथं वाचून दाखवता येते—अट एकच, बचावाच्या वकिलाला आज उलटतपासणीची पुरती संधी मिळाली पाहिजे. म्हणजे त्या बाईला प्रश्न विचारायची डॅरेलला मिळालेली ही पहिली आणि बहुधा शेवटची वेळ होती. हे मला त्या दिवशी माहीत होतं का? होतं. सरकारी वकिलांनी सकाळीच समजावून सांगितलं होतं. नंतर कधी मला ‘मला कल्पना नव्हती’ म्हणावंसं वाटलं तर तो रस्ता बंद असावा, म्हणून आधीच लिहून ठेवते.

कोर्टरूमच्या बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. मोरपंखी इरकल, केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. शेजारी निखिल फोनवर कुणाला तरी हळू आवाजात समजावत होता. मी नमस्कार करून माझं काम सांगितलं आणि लांबच्या बाकावर जाऊन बसायला निघाले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “बसा की इथं. मराठी ना तुम्ही? कुठल्या?”

तुम्हीच सांगा, या प्रश्नाला आपल्यातलं कोण उत्तर देत नाही? मी म्हटलं, तासगावची. “माहेरचं आडनाव?” तेही सांगितलं. मग काय, तिसऱ्या मिनिटाला धागा लागला. माझी मावशी विट्याला ज्या आळीत राहायची, त्याच आळीत काकूंचं घर. मावशीच्या हातचं लोणचं त्यांना आठवत होतं. माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. “म्हणजे तू घरचीच निघालीस गं,” म्हणाल्या, आणि पर्समधून चंदेरी कागदात गुंडाळलेलं धपाटं काढून माझ्या हातात ठेवलं. मी खाल्लं. तोवर सहा वर्षं इथल्या कोर्टात वागायचं कसं ते शिकले होते, आणि सुनावणीला पंधरा मिनिटं असताना साक्षीदाराच्या हातचं धपाटं खाल्लं.

आत गेल्यावर जज्जनी मला नेहमीप्रमाणे विचारलं की या प्रकरणातल्या कुणाशी तुमची ओळख आहे का. मी म्हटलं, नाही.

हे खोटं लहान होतं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. खरं म्हणजे मी उठून सांगितलं असतं तर सुनावणी पुढे गेली असती, दुसरा दुभाषी मिळाला नसता, काकूंचं विमान चुकलं असतं, सगळ्यांचा खोळंबा. इतक्या लोकांचा खोळंबा करणारी बाई मला व्हायचं नव्हतं. असली कारणं मला नेहमी पटकन सापडतात.

निखिलला बाहेरच बसवलं होतं. फोटो दाखवले तेव्हा तोच आईला समजावून सांगत होता, त्यामुळे तोही साक्षीदारांच्या यादीत होता आणि साक्षीदारांना एकमेकांची साक्ष ऐकू देत नाहीत. सून घरी बाळापाशी. त्या खोलीत जज्ज होते, दोन वकील, डिटेक्टिव्ह, टाइप करणारी बाई, डॅरेल, डॅरेलची आई आणि दोन पोलीस. मराठी आणि इंग्रजी दोन्ही कळणारी त्यात मी एकटी.

सरकारी वकिलांचे प्रश्न सोपे होते. कुठे होतात, काय पाहिलंत, किती वाजले होते. काकूंनी सावकाश उत्तरं दिली. मग बचावाचा वकील उठला.

त्याच्याबद्दल मी इतकी वर्षं मनात वाईटच बोलत आले. पन्नाशीचा, जाडसर, आवाज अगदी मऊ. मला त्या मऊपणाचाच राग यायचा. उलटतपासणीची एक पद्धत असते. प्रश्न मुळी प्रश्न नसतोच, वकील एक वाक्य उच्चारतो आणि साक्षीदारानं हो म्हणायचं. तुमचा चष्मा लांबचं बघण्यासाठी आहे. हो. त्या सकाळी तो तुमच्या डोळ्यावर नव्हता. हो. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे होतात. हो. माणूस काही सेकंद दिसला. हो. एक-एक वीट काढत जायची, आणि साक्षीदाराला भिंत हलतेय हे कळूच द्यायचं नाही. तो त्याचं काम करत होता. चांगलं करत होता, हे मला आज म्हणता येतं.

पण काकू काही हो-नाहीवर थांबणाऱ्या बाई नव्हत्या. आपल्याकडची साठी-पासष्टीची कुठली बाई थांबते? चष्म्याचं विचारलं तर चष्मा कधी केला, कुठल्या डॉक्टरनं केला, सुनेनं नवा करून देते म्हटलं होतं पण बाळामुळे राहून गेलं, इथपासून सुरुवात. आणि मी ते सगळं इंग्रजीत सांगत होते, नियमानं. टाइप करणारी बाई माझ्याकडे बघून उसासे टाकत होती. तिसऱ्या-चौथ्या वेळी जज्जनी हात वर केला आणि मला—साक्षीदाराला नव्हे, मला—म्हणाले, “मॅडम इंटरप्रिटर, साक्षीदाराला नियंत्रणात ठेवा.” आता साक्षीदाराला आवरणं हे दुभाषाचं कामच नव्हे. ते मला तिथं नम्रपणे सांगता आलं असतं. अशा वेळी काय म्हणायचं ते मला पाठ आहे. मी मान खाली घालून “येस, युअर ऑनर” म्हटलं. कान तापले होते. शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर उभं केल्यावर व्हायचं तसं झालं मला, या वयात.

त्यानंतर तो प्रश्न आला.

वकिलानं विचारलं: तुम्हाला सहा फोटो दाखवले तेव्हा, तुम्ही बोट ठेवण्याआधी, त्या खोलीतलं कुणी तुम्हाला काही म्हणालं का?

मी मराठीत विचारलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. वकिलाकडे नाही, जज्जकडे नाही—माझ्याकडे, घरच्या माणसाकडे बघावं तसं. आणि बोलायला लागल्या.

त्या काय बोलल्या ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाल्या: “तो पोलीस काही बोलला नाही गं. मला फोटोतलं काही कळेना, सगळे सारखेच दिसले मला. मग निखिल म्हणाला, आई, हा बघ, हा इथं गटर साफ करायला येतो ना, हाच असणार, ठेव बोट, मला मीटिंग आहे. म्हणून ठेवलं. पण खरं सांगू का बाई, मी त्या माणसाची पाठच बघितली होती. तोंड नाही बघितलं.”

एवढंच. अर्धं मिनिट लागलं असेल.

मी इंग्रजीत सांगितलं: “नाही. पोलीस काही बोलला नाही.”

आता तुम्हाला वाटेल, ऐकताना निसटलं असेल, माणूस थकतो, चूक होते. नाही निसटलं. माझ्या हातात पेन होतं आणि वहीत मी ‘निखिल’ आणि ‘पाठ’ हे दोन शब्द लिहिले होते. ते पान मी नंतर फाडलं. आणि तरीही तुम्हाला शंका घ्यायची असेल तर पुढचं ऐका. तो वकील मूर्ख नव्हता. बाई अर्धं मिनिट बोलली आणि दुभाषीण पाच शब्दांत आटोपली, हे त्यानं बघितलं. तो जज्जना म्हणाला की उत्तर बरंच लांब होतं, साक्षीदार आणखी काही म्हणाल्या का, ते दुभाषांना विचारावं. जज्जनी मला विचारलं. म्हणजे सुधारायची संधी माझ्यापुढे ताटात वाढून ठेवली होती. ‘दुभाषाला आपली चूक दुरुस्त करायची आहे’ असं एक वाक्य म्हणायचं असतं, ते म्हटलं की कुणी रागावत नाही, रोज कुणी ना कुणी म्हणतं.

मी म्हटलं, “एवढंच, युअर ऑनर. त्या तेच-तेच पुन्हा बोलत होत्या.”

जज्ज हसले. खोलीतही थोडी खसखस पिकली. वकिलानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या प्रश्नावर गेला. काकूही हसल्या—त्यांना वाटलं, त्यांचं म्हणणं सगळ्यांना पोचलं.

का केलं मी असं? सहा वर्षं मी याच प्रश्नाची उलटतपासणी घेतेय आणि साक्षीदार दर वेळी वेगळं उत्तर देतो. कधी म्हणते, काकूंची कीव आली. त्यांचं त्या लोकांसमोर हसं होऊ नये असं वाटलं. कधी म्हणते, निखिलचा विचार केला—पोलिसांच्या कामात ढवळाढवळ केली म्हणून त्याला काही झालं असतं, व्हिसावर आलेला मुलगा, घरात पाच-सहा महिन्यांचं बाळ. आपल्या माणसानं आपल्या माणसाला सांभाळायचं नाही तर कुणी? कधी म्हणते, जज्जच्या बोलण्यानं माझा तोल गेला आणि मला त्यांना दाखवायचं होतं की बघा, आवरलं मी तिला. हे सगळं खरं आहे. यातलं शेवटचं तर इतकं खरं आहे की लिहिताना लाज वाटते. जज्जकडून शाबासकी हवी होती मला.

पण याच्या खाली आणखी एक आहे, आणि ते मी या घडीपर्यंत लिहायचं टाळलं. तुमच्या लक्षात आलं का? मी तुम्हाला काकूंच्या साडीचा रंग सांगितला, वकिलाचा आवाज सांगितला, आणि डॅरेल कसा दिसतो ते सांगितलं नाही.

डॅरेल काळा होता. उंच, खांदे पडलेले, नारिंगी कपडे, हातात बेड्या. मी खोलीत शिरले, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मनात म्हटलं, हाच असणार. निखिल जे आईला म्हणाला, तेच मी स्वतःला म्हटलं होतं, तोच शब्द. त्यामुळे काकूंचं वाक्य ऐकताना मला त्या खरं बोलताहेत असं वाटलंच नाही—मला वाटलं, बिचाऱ्या गोंधळल्यात, उगाच घोळ घालताहेत आणि सुटून जाईल तो. मी घोळ निस्तरला. आमच्या घरच्या पार्ट्यांमध्ये आपले लोक ‘त्यांच्या’बद्दल काय-काय बोलतात ते तुम्ही ऐकलंच असेल. कुठल्या भागात घर घ्यायचं नाही, कुठल्या पेट्रोल पंपावर थांबायचं नाही. मी त्या बोलण्यात कधी भाग घेतला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. नुसती भजी पुढे करायची मी. आणि वेळ आली तेव्हा कोर्टात बसून त्या पार्टीतलंच वाक्य वापरलं.

त्याची आई मागच्या बाकावर होती. चर्चला घालतात तसे नीटनेटके कपडे, मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी धरलेली. काकूंच्याच वयाची असेल. पूर्ण वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत होती, कारण साक्ष तिच्यापर्यंत माझ्याच तोंडून येत होती. “पोलीस काही बोलला नाही” म्हटल्यावर तिनं डोळे मिटले, तेवढं मी पाहिलं.

जज्जनी खटला चालवण्याइतका पुरावा आहे असं ठरवलं. जामीन नाही. दोन आठवड्यांनी काकू विट्याला परत गेल्या. पुढच्या वर्षी, खटला अजून उभाच राहायचा होता, तेव्हा त्या झोपेत गेल्या. हृदयविकार. आता त्या येण्याचा प्रश्नच उरला नाही, त्यांच्या जागी माझे कागद वाचले जाणार होते. त्या कागदांत एका सज्जन म्हाताऱ्या बाईनं, कुणी काही सुचवलं नसताना, सहांतून एक चेहरा ओळखला होता. आणि मेलेल्या बाईला पुन्हा प्रश्न विचारता येत नाहीत. डॅरेलच्या वकिलानं त्याला काय सल्ला दिला असेल, मला अंदाज आहे. खटला हरलास तर जन्मठेप, कबूल केलंस तर कमी. त्यानं कमी शिक्षेचा गुन्हा कबूल केला. पंधरा वर्षं. त्यातली पाच-सहा संपलीत. तुरुंगाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की फोटो येतो. दर काही महिन्यांनी मी टाकते. त्याचे केस पांढरे झालेत.

त्यानं खून केला होता का? मला माहीत नाही. हे प्रामाणिकपणे सांगते. केलाही असेल. एके काळी मी या ‘असेल’वर झोपायचे. आता कळतं की मला माहीत नाही याला कारण मीच आहे. ते शोधून काढण्यासाठीच ती खोली, तो वकील, तो प्रश्न होता.

निखिल मला मंडळाच्या गणपतीत भेटला, काकू गेल्यानंतरच्या वर्षी. प्रसादाची प्लेट हातात, पायाशी त्याचा मुलगा “डॅडी, कॅन वी गो नाऊ?” करत होता. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “मावशी, एक विचारू? आईनं तिथं… मी त्या फोटोंच्या वेळी काही बोललो होतो, ते तिनं सांगितलं होतं का हो? मला नीट आठवतही नाही, यार, ऑफिसचा कॉल चालू होता. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कधी-कधी वाटतं, कुणाला तरी सांगावं, लॉयरला वगैरे.”

तो सांगायला तयार होता, बघा. त्याला फक्त कुणीतरी ‘सांग’ म्हणायला हवं होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “नाही रे बाळा. तसं काही नाही बोलल्या त्या. तू मनाला लावून घेऊ नकोस.” त्याचा चेहरा किती हलका झाला! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्यानं वाकून मला नमस्कार केला, आणि मी त्याला आशीर्वाद दिला. कोर्टात जे केलं ते अर्ध्या मिनिटात झालं होतं. इथं माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं, घाई नव्हती, समोर जज्ज नव्हते. दोन वर्षं मला झालेल्याची पूर्ण जाणीव होती. तरी मी तेच केलं.

मी अजून हेच काम करते. गेल्या महिन्यात नव्या दुभाषांसाठी एक शिबिर होतं, त्यात मला शिकवायला बोलावलं होतं. अनुभवी म्हणून. मी फळ्यावर लिहिलं: गाळू नका, घालू नका, सुधारू नका. एका पंजाबी मुलीनं विचारलं की चूक झालीच तर किती उशिरापर्यंत दुरुस्त करता येते. मी म्हटलं, लक्षात आल्या क्षणी उभं राहायचं. उशीर झाला असं काही नसतं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

काय करायचं ते मला माहीत आहे. डॅरेलचा वकील अजून त्याच इमारतीत बसतो, त्याचा नंबर माझ्याकडे आहे. त्याला एक पत्र लिहायचं, सही करायची. माझं काम जाईल, शपथेवर खोटं बोलले म्हणून कदाचित खटलाही होईल, निखिलचं नाव निघेल, मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. याच्या बदल्यात एक माणूस कदाचित बाहेर येईल. दोन्ही बाजू मी अनेकदा तोलून पाहिल्यात आणि दर वेळी फोन खाली ठेवलाय. भीती वाटते, एवढंच. दुसरं काही कारण नाही.

दोन्ही भाषा मला सारख्याच येतात. एकच पान, सहीसकट, इंग्रजीत लिहिलं असतं तर ते डॅरेलच्या कामी आलं असतं. हे मी मराठीत लिहिलंय.